गॅट्सबीची चाचणी आणि चौदा पानांच्या नोट्स

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी शिक्षिकेचं पत्र आलं आहे. शाळा-कॉलेज सांगली जिल्ह्यात झालं, लग्नानंतर अमेरिकेत येऊन पुन्हा शिकल्या, शिक्षकाचा परवाना मिळवला. सध्या त्यांच्याकडे अकरावीचा वर्ग आहे आणि स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी. चाचणी तीन आठवड्यांवर आली आहे. पेपर सगळ्या तुकड्यांना एकच: बहुपर्यायी प्रश्न, पाच अवतरणं ओळखून त्यांवर थोडं लिहिणं आणि एक निबंध. आधीच्या कादंबरीच्या चाचणीत वर्गाचा निकाल वाईट लागला होता. निम्म्या मुलांनी हेही पुस्तक उघडलेलं नाही, एआयकडून सारांश घेऊन भागवतात, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणून त्यांनी चौदा पानांच्या नोट्स काढल्या: प्रकरणवार सारांश, पात्रं, प्रतीकांचा तक्ता, निबंधाचे चार नमुने. सहकारी शिक्षिका म्हणते, हे दिलंस तर पुस्तक कोण वाचेल? पालक, ज्यांत भारतीय बरेच आहेत, म्हणतात, स्टडी गाइड द्या. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, “मी स्वतः गाईड वाचून पास झाले. वर्गात मोठ्याने वाचतानाही माझ्या उच्चारांची मला लाज वाटते. अमेरिकन मुलांना अमेरिकन कादंबरी मी काय शिकवणार? नोट्स वाटू की फाडून टाकू?”

नमस्कार,

नोट्स फाडू नका, आणि आहेत तशा वाटूही नका. चौदापैकी चार-पाच पानं मुलांच्या उपयोगाची आहेत. बाकीची त्यांच्या हाती पडली तर सगळी तुकडी एकच निबंध लिहील आणि तपासताना तुमचाच जीव जाईल.

आधी गाईडबद्दल. आपल्याकडे अपेक्षित प्रश्नसंचाला नावं ठेवणारे बहुतेक लोक तेच वाचून पास झालेले असतात. ज्या शाळांत इंग्रजीच्या सरांवरही इंग्रजी बोलायची वेळ क्वचितच यायची, तिथे गाईडमुळे धड्यात काय घडलं एवढं तरी कळायचं. हे काही थोडं नव्हतं. गोष्टच कळली नाही तर तिच्याबद्दल मत कसलं होणार? बिघडायचं ते पुढच्या पानावर, जिथे ‘लेखकाला काय सांगायचे आहे?’ याचंही उत्तर छापलेलं असायचं. तुमच्या नोट्सना कात्री लावायची ती नेमकी इथे. काय घडलं ते मुलांना द्या. त्याचा अर्थ काय, ते त्यांच्याकडून येऊ द्या.

आणि ‘काय घडलं’ हेही या पुस्तकात वाटतं तितकं सरळ नाही. नऊ प्रकरणं, पन्नास हजारांच्या आत शब्द, म्हणजे पुस्तक छोटंच. पण निवेदक निक कॅरवे हकिगत सांगतो ती १९२२ च्या उन्हाळ्याची, आणि सांगतो मागाहून. चौथ्या प्रकरणात डेझीची मैत्रीण जॉर्डन बेकर आपल्याला एकदम १९१७ सालच्या लुईव्हिलमध्ये नेते, जिथे डेझी (निकची दूरच्या नात्यातली बहीण) आणि तिचा तेव्हाचा प्रियकर, तरुण लष्करी अधिकारी गॅट्सबी, पहिल्यांदा एकत्र दिसतात. सहाव्यात कळतं की गॅट्सबी हा मुळात नॉर्थ डकोटातल्या शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ, आणि सतराव्या वर्षी त्याने स्वतःचं नाव बदललं. नवव्यात आणखी मागे, १९०६. बहुपर्यायी प्रश्नांत मुलं घसरतात ती याच उड्यांमध्ये. दुसरी घसरायची जागा म्हणजे सातव्या प्रकरणातल्या गाड्या. शहरात जाताना गॅट्सबीची पिवळी गाडी डेझीचा नवरा टॉम चालवत असतो आणि विल्सनच्या गॅरेजवर थांबतो. विल्सनची बायको आणि टॉमची प्रेयसी मर्टल ते खिडकीतून बघते. म्हणूनच संध्याकाळी तीच गाडी परत येताना दिसते तेव्हा ती टॉमच्या आशेने रस्त्यावर धावते. गाडीत डेझी आणि गॅट्सबी असतात, चाक डेझीच्या हातात, आणि मर्टल त्याच गाडीखाली मरते. पुढे विल्सनला गाडीच्या मालकाचं नाव सांगतो टॉम. ही साखळी पक्की झाली की पाच-सहा प्रश्न आपोआप सुटतात.

ती तुम्ही लिहून देऊ नका, वर्गाकडून करून घ्या. वीसेक घटना वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा, गटागटाला वाटा आणि भिंतीवर दोन रांगा लावायला सांगा: वर ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने, खाली ज्या क्रमाने निक सांगतो त्या क्रमाने. दोन्ही रांगा जुळत नाहीत हे दिसलं की कुणीतरी विचारतंच, “मग त्याने असं का सांगितलं?” निबंधाचा विषय तिथेच मिळतो. पात्रांची यादी मात्र सरळ देऊन टाका, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

प्रतीकांचा तक्ता काढून टाका. डेझीच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा म्हणजे अमेरिकन स्वप्न, जाहिरातफलकावरचे डॉ. एकलबर्गचे डोळे म्हणजे देव, शहराच्या वाटेवरची राखेची दरी म्हणजे नैतिक ऱ्हास. यातलं काहीच धडधडीत चूक नाही आणि अडचण तीच आहे. एकदा पाठ झालं की पोरं तो प्रसंग वाचतच नाहीत.

ते डोळेच घ्या. दुसऱ्या प्रकरणात निक सांगून टाकतो की क्वीन्समधल्या कुठल्याशा डोळ्यांच्या डॉक्टरने धंदा वाढावा म्हणून हा फलक लावला असेल आणि मग तो विसरून गेला असेल. त्यांना देव म्हटलं जातं ते आठव्या प्रकरणात. मर्टल मेली त्या रात्रीनंतरची पहाट आहे, विल्सन दुःखाने अर्धवट झाला आहे, सोबतीला शेजारचा कॉफीवाला मिकेलिस बसला आहे. विल्सन खिडकीतून त्या डोळ्यांकडे बघत म्हणतो, देव सगळं बघतो. मिकेलिस दचकतो आणि त्याला समजावतो की ती तर जाहिरात आहे. प्रतीक आणि त्याचा इन्कार एकाच पानावर, दोन माणसांच्या तोंडी! ‘डोळे म्हणजे देव’ एवढंच लिहिणारा विद्यार्थी विल्सनच्या बाजूचा झाला, आणि ते त्याला माहीतही नाही. हा दीड पानाचा प्रसंग वर्गात वाचा आणि एकच विचारा: तुम्ही कुणाच्या बाजूचे? विल्सनच्या की मिकेलिसच्या? पुस्तकातल्याच ओळी दाखवून सांगा. माझा अनुभव असा की एरवी मागच्या बाकावर झोपणारी मुलं अशा वेळी तावातावाने बोलतात.

हिरव्या दिव्याचंही तसंच. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी निकला तो लांबून दिसतो, तेव्हा गॅट्सबी कोण हेही त्याला धड माहीत नसतं. पाचव्यात डेझी गॅट्सबीच्या शेजारी उभी असते, तो तिला त्या दिव्याबद्दल सांगतो, आणि निकला वाटून जातं की आता दिव्याचं मोठेपण संपलं, तो धक्क्यावरचा साधा दिवा झाला. आणि मग शेवटचं पान. तिन्ही उतारे एका कागदावर छापा, बाजूला समास मोकळा सोडा. प्रश्न एवढाच: दिवा तोच आहे, मग काय बदललं?

आता तुमचा तो अंदाज, की निम्म्या वर्गाने पुस्तक उघडलेलं नाही. विचारून बघितलंत का? नाव न लिहिता एक चिठ्ठी मागा: ‘कुठल्या पानावर थांबलात?’ माझी अटकळ अशी की बरीच मुलं पहिल्या प्रकरणात, पाचव्या-सहाव्या पानापाशी अडकलेली निघतील. तिथे अजून काही घडतच नसतं, निक वडिलांचा उपदेश आणि स्वतःचं घराणं सांगत बसलेला असतो, वाक्यं लांबलचक. ज्या मुलाच्या घरी तेलुगू, गुजराती किंवा स्पॅनिश बोलतात त्याला ही सहा पानं भिंतीसारखी लागतात, आणि इंग्रजीच घरची भाषा असलेल्यालाही फार सोपी जात नाहीत. तो आळस नव्हे. अशांना सांगा की ऐकत वाचा. संपूर्ण कादंबरी ऐकायला पाच तासांच्या आसपास लागतात. १ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेत तिचा स्वामित्व हक्क संपलेला असल्यामुळे मजकूरही फुकट मिळतो. ज्यांना पाच तासही जमणार नाहीत (असे असतील, आपण त्यांना ओळखतो), त्यांच्यासाठी मी प्रकरणं १, ५, ७ आणि ९ पूर्ण, दुसऱ्यातला राखेच्या दरीचा भाग आणि आठव्यातली ती पहाट एवढं ठरवीन. ‘सगळं वाचाच’ म्हणून शून्य पदरात पडण्यापेक्षा हे बरं. शुद्धतावाद्यांना रागावू द्या.

आणि वर्गात तुम्ही स्वतः वाचा, तुमच्या उच्चारांत. टॉम आणि गॅट्सबीचं प्लाझा हॉटेलमधलं भांडण तुम्हाला समजलं आहे, हे मुलांना तुमच्या आवाजातून कळेल. सांगलीचा ‘व’ त्याच्या आड येत नाही.

पाच अवतरणांच्या प्रश्नासाठी तुमच्याकडे घरचाच खजिना आहे: ‘कोण कोणास म्हणाले?’ चौथीपासून दहावीपर्यंत आपण तो सोडवला आहे आणि तो वाईट प्रश्न मुळीच नाही. त्याला फक्त दोन शेपट्या जोडा. हे बोलण्याआधी नुकतंच काय घडलं होतं? आणि बोलताना तिथे कोण हजर नव्हतं? मुलगी गोड, मूर्ख निघावी असं डेझी म्हणते ते वाक्य मुलांना समाजमाध्यमांमुळे तोंडपाठ असतं. पण ते ती निकला सांगते आहे, मुलीच्या जन्माच्या वेळी टॉमचा पत्ता नव्हता हे सांगताना, आणि त्या संध्याकाळी जेवताना टॉमला ‘त्या बाई’चा फोन येऊन गेलेला आहे. एवढा संदर्भ लिहिला की विवेचन निम्मं झालंच. रोज तासाच्या सुरुवातीला एक अवतरण, चार ओळी, पाच मिनिटं. त्यापेक्षा जास्त नको, कंटाळतात.

एआयच्या सारांशावर बंदी घालून उपयोग नाही, तो खिशातच आहे. मग तो वर्गात आणा. आठव्या प्रकरणाचा एक सारांश काढून छापा आणि जोड्यांना सांगा, पुस्तक हातात घेऊन यात काय सुटलं आणि काय चुकलं ते लाल पेनने दाखवा. मिकेलिस बहुधा गायब असेल. दुसऱ्याची चूक काढायची असली की सोळा वर्षांचं कुणीही बारकाईने वाचतं. हाच उपाय तुमच्या चार नमुना निबंधांनाही लावा. तीन बाजूला ठेवा, चौथ्यात मुद्दाम दोन-तीन ढोबळ विधानं घाला आणि तपासायला द्या.

चित्रपटाबद्दल एक सावधगिरी. २०१३ चा लिओनार्डो डिकॅप्रिओचा चित्रपट बऱ्याच मुलांनी बघितलेला असेल. तुमच्या भारतीय मुलांना त्यात गॅट्सबीचा जुगारी साथीदार मायर वुल्फ्शाइम याच्या भूमिकेत अमिताभ बच्चन दिसल्याची मजा वाटेल, वाटू द्या. पण त्यात निक एका उपचारगृहात बसून ही कहाणी लिहितो. कादंबरीत असं काहीही नाही, आणि उत्तरपत्रिकेत हे वाक्य दिसलं की कुणी काय बघून लिहिलंय ते लगेच कळतं. हे मुलांना आधीच सांगून टाका.

निबंधाकडे येते. तुम्ही लिहिलंय की मुलांना ‘मुद्दा सापडत नाही’. मला वाटतं, निकवर संशय घ्यायला शिकवलं की मुद्दा सापडेल. तो सुरुवातीलाच सांगतो की मी माणसांबद्दल मत बनवत नाही, आणि मग पुस्तकभर मतंच बनवतो. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी म्हणतो, मला भेटलेल्या मोजक्या प्रामाणिक माणसांपैकी मी एक. हाच माणूस लग्न झालेल्या, दूरच्या नात्यातल्या बहिणीची आणि तिच्या जुन्या प्रियकराची भेट स्वतःच्या घरी घडवून आणतो, आणि गाडी कोण चालवत होतं हे माहीत असूनही शेवटपर्यंत गप्प राहतो. मग त्याने दाखवलेला गॅट्सबी कितपत खरा? निक प्रामाणिक आहे की नाही, यावर वर्गाचे दोन तट पडतील. पडू द्या. पूर्ण निबंध लिहून घेऊ नका, तीन आठवड्यांत तो वाचायला तुम्हाला वेळ नाही. फक्त पहिला परिच्छेद, दहा मिनिटांत, आणि त्यात एक तरी वाक्य असं हवं की शेजारच्याने ‘मला नाही पटत’ म्हणावं. कुणालाच खटकलं नाही तर वाक्य बदला.

तुमच्या ‘मी काय शिकवणार?’ या प्रश्नात एक गृहीत दडलंय: ही कादंबरी ‘त्यांची’ आहे. कुणाची? नवव्या प्रकरणात निक स्वतःच म्हणतो की टॉम, गॅट्सबी, डेझी, जॉर्डन आणि तो, सगळे पश्चिमेकडचे, पूर्वेत न रुजलेले. लेखक मिनेसोटाचा. तो तुमच्याच राज्यातल्या प्रिन्स्टनला शिकायला आला आणि पदवी न घेताच गेला. १९२५ साली पुस्तक आलं तेव्हा खप बेताचाच झाला. १९४० मध्ये तो वारला तेव्हा ते जवळपास विस्मरणात गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना फुकट वाटलेल्या खिशात मावणाऱ्या आवृत्त्यांमध्ये याच्या दीड लाखावर प्रती छापल्या गेल्या आणि तिथून ते पुन्हा वर आलं. अभिजात ठरून शाळेत यायला पुस्तकालाही वेळ लागला.

शिवाय त्यात एक जागा अशी आहे की तिथे तुमचं बाहेरून येणंच उपयोगी पडेल. पहिल्याच प्रकरणात टॉम जेवणाच्या टेबलावर कुण्या गॉडार्डचं पुस्तक वाचल्याचं सांगत सुटतो: गोरा वंश बुडणार, सावध राहायला हवं, हे सगळं शास्त्राने सिद्ध झालंय. मुलं ही बडबड समजून पान उलटतात. पण कथेचं साल १९२२. फेब्रुवारी १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. आधी नागरिकत्व मिळालेल्या कितीतरी भारतीयांचं ते काढून घेतलं गेलं. १९२४ च्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांना दार जवळजवळ बंदच झालं आणि भारतीयांना पुन्हा नागरिकत्वाचा मार्ग मोकळा व्हायला १९४६ उजाडलं. म्हणजे टॉम जेवताना जे बोलत होता ते तेव्हा न्यायालयात आणि कायदेमंडळात चाललेलंच होतं. दहा मिनिटांत हे वर्गाला सांगा. तुमच्या वर्गातल्या पटेल आणि रेड्डींना टॉम ब्युकॅनन एकदम ओळखीचा वाटेल, आणि बाकीच्यांनाही निबंधासाठी असा पुरावा मिळेल जो कुठल्या तयार सारांशात सहसा सापडत नाही.

राहिले पालक. त्यांना गाइड हवं म्हणजे घरी बसून मुलाची तयारी कशी घ्यायची हे हवंय, आणि ही मागणी वावगी नाही. एक पानाचं पत्र पाठवा: चाचणीचं स्वरूप, वाचायची प्रकरणं, ऐकायची सोय आणि घरी विचारायचे तीन प्रश्न. त्यातला एक प्रश्न नवव्या प्रकरणातल्या वेळापत्रकावर ठेवा. गॅट्सबीचे वडील एका जुन्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पोराने १९०६ मध्ये लिहिलेलं वेळापत्रक निकला अभिमानाने दाखवतात: सहाला उठणं, व्यायाम, विजेचा अभ्यास, काम, अर्धा तास खेळ, वक्तृत्वाचा आणि रुबाबात वागण्याचा सराव. खाली संकल्प: वेळ वाया घालवायचा नाही, एक दिवसाआड अंघोळ, आठवड्याला बचत (आधी पाच डॉलर लिहून खोडलेले, मग तीन), आईवडिलांशी नीट वागायचं. कोचिंग, संगीत, पोहणं असं वेळापत्रक फ्रिजवर लावलेल्या घरात हे पान आईवडिलांनी आणि मुलांनी मिळून वाचावं आणि वडिलांचा तो अभिमान बरोबर की चूक यावर बोलावं. तुम्ही काही सुचवू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन येतील.

तीन आठवड्यांची वाटणी मी साधारण अशी करीन. पहिल्यात चिठ्ठ्या, भिंतीवरच्या रांगा आणि मोठ्याने वाचन. दुसऱ्यात डोळे, दिवा, टॉमचं जेवण आणि सारांशाची तपासणी. तिसऱ्यात फक्त परिच्छेद, आणि मुलांनीच काढलेले बहुपर्यायी प्रश्न. यात अट अशी की तिन्ही चुकीचे पर्याय खरे वाटले पाहिजेत, ‘गाडी मंगळावरून आली’ चालणार नाही. चाचणीच्या आदल्या दिवशी नवीन काही नको.

सहकारी शिक्षिकेला भेटाल तेव्हा वाद घालण्याऐवजी एक विनंती करा. पेपर एकच आहे, तर निबंधाच्या प्रश्नाखाली कादंबरीतला एखादा उतारा छापायला विभागाला पटवता येईल का? पाठांतराचा फायदा तिथे आपोआप कमी होतो, आणि मग नोट्स कुणी वाटल्या हा मुद्दाच उरत नाही. तिला हे पटेल असं वाटतं. पेपर अजून छापायला गेला नसेल तर याच आठवड्यात बोला.